वाक्य खाली ठेवा

"पडदा इथपासून इथपर्यंत लागेल," असे म्हणत ती मुलगी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करत होती, आणि ऑपरेटरबाईंचा ट्रक नेमका तेव्हाच घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर आला होता.

कानांवर हेडफोन, जेवणाच्या टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेले स्टिअरिंग, टेबलाखाली अनवाणी पायांजवळ ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि समोर कॉम्प्युटरवर उलगडत जाणारा रस्ता. मागून आणखी दोन ट्रक त्यांच्या भरवशावर येत होते. अशा वेळी मान वळवणे म्हणजे थेट दरीत जाणे. म्हणून बाईंनी आधी वळण पुरे केले, ट्रक कडेला घेतला, "थांबा जरा, घरात कुणीतरी आलंय," असे माईकमध्ये सांगितले, आणि मगच हेडफोन गळ्यात उतरवून मागे पाहिले.

दार दिवसभर उघडेच असे. त्या दारात घरमालक उभा होता आणि खिडकीपाशी एक नवे जोडपे.

"बाई, तुमचं चालू द्या," घरमालक म्हणाला. "ही मंडळी खोली बघायला आलीत. आत्ता जातील."

"कुठली खोली?"

"हीच की. दुसरी आहे कुठं आपल्याकडं रिकामी?"

"ही रिकामी नाहीये. इथं मी राहते."

"राहताच ना!" घरमालक समजूत घालत म्हणाला. "पण महिनाअखेरपर्यंतच. तुमच्या मुलाचा फोन आला होता. नवीन घरी नेतायत ते तुम्हाला. भाग्यवान आहात बाई, आजकाल कोण नेतं?"

"मी कुठंही जाणार नाही."

"जाणार की! असं काय करता?"

खिडकीतली मुलगी वळली. चेहऱ्याने गोड होती बिचारी. "आजी, ह्या खिडकीत ऊन येतं का हो?"

"सकाळी येतं."

मुलीने नवऱ्याला कोपराने ढोसले आणि ती हलक्या आवाजात हसली. "आजी मलाच विचारतायत, सकाळी येतं का म्हणून!"

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. बाईंच्या बोलण्याला माहेरचा हेल होता. त्या बाजूला सांगणारे वाक्य शेवटी वर चढते आणि विचारणारे वाक्य शेवटी खाली बसते. तिथल्या लोकांना ते बरोबर कळते. तिथून बाहेर पडले की मात्र पंचाईत होते. बाईंनी काही सांगितले की ऐकणाऱ्याला वाटे, विचारतायत. आणि काही विचारले की वाटे, हुकूम सोडतायत. कागदावर हेल काढता येत नाही. म्हणून इथे त्यांच्या वाक्यांपुढे त्यांच्या मनातली चिन्हे दिली आहेत. समोरच्याच्या कानात ती उलटी पडत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मंडळी गेली. बाई खुर्चीतच बसून राहिल्या. मुलाचा फोन त्यांना आठवला. नव्या घराचे कौतुक सांगता सांगता तो म्हणाला होता, "तुझी खोली तयार आहे, आई." आणि त्यांनी स्पष्ट सांगितले होते, "मी ही जागा सोडणार नाही." त्यावर तो किती मोकळेपणी हसला होता! "सोडणार की! त्यात काय विचारायचं?" असे म्हणून त्याने आनंदात फोन ठेवला होता. बाईंना वाटले होते, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. आईने भीत भीत विचारले आणि आपण तिचा संकोच घालवला, असे त्याला मनापासून वाटले होते.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हते.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने त्यांना समोर बसवले होते. "'लाईन व्यस्त आहे' असं तुम्ही सांगता, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मला काय माहीत, तुम्हीच बघा! वाक्य खाली ठेवा. भरलेली कळशी ठेवतात तसं. अलगद, पण खाली." बाई शिकल्या. हुशार होत्या. जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून "कृपया थांबा, कृपया थांबा" म्हणत वाक्ये खाली ठेवू लागल्या. पुढे त्यांचा आवाज असा तयार झाला, की लोक म्हणत, ह्या बाईंनी 'थांबा' म्हटलं की हात आपोआप कानाशी थांबतो. तो आवाज त्या कामावर गेल्यावर काढत आणि घरी येताना तिथेच ठेवून येत.

घरी माहेरचाच हेल. नवरा माणूस वाईट नव्हता. बायकोला विचारल्याशिवाय आपण कधी काही केले नाही, असे तो चार लोकांत सांगायचा, आणि खरोखर तसे समजत होता. "हे घर ओल धरतं, आपण घेऊ नये," असे बाई म्हणाल्या. तो म्हणाला, "घेऊ या की, भितेस कशाला?" मग संसार त्या ओल्या भिंतींत झाला. एकदाच, मुलाला ताप चढून झटके आले तेव्हा, बाईंच्या तोंडून कामावरचा आवाज निघाला. "डॉक्टरांना घेऊन या." नवरा चपला न घालता धावत सुटला होता. मूल बरे झाल्यावर म्हणाला, "घरात तसं नको बोलत जाऊस. आपल्याच घरात आपण गिऱ्हाईक वाटतो."

तो गेल्यावर बाईंनी ही खोली घेतली. तेव्हा ह्या घरमालकाचा बाप होता आणि त्याला कानाने ठार ऐकू येत नव्हते. बाईंनी त्याच्यापुढे पाटीवर लिहिले, 'खोली मला हवी आहे.' म्हाताऱ्याने वाचले, मान डोलावली आणि किल्ली हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे वाक्य जसे होते तसे पोचले होते. खोलीही मनासारखी निघाली. खाली किल्ल्या करणाऱ्याचे दुकान, त्याची कानस दिवसभर चाललेली. समोर बसडेपोचे आवार. तिथे बस मागे घेताना कंडक्टर पत्रा थोपटत ओरडे, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" बाईंना तो पुकारा फार आवडे. तीन शब्दांत सगळे सांगून होते आणि कुणी उलट विचारत नाही.

मुलाने कॉम्प्युटर दिला तो नातेवाइकांचे चेहरे दिसावेत म्हणून. चेहरे बघून झाल्यावर बाईंनी खेळ शोधले. रंगीत गोट्या जुळवायचा खेळ पाहिला. त्यात करण्यासारखे काही नव्हते. बंदुकांचा पाहिला, त्यात दार उघडले की लगेच मरण. "मरायला मला खेळ कशाला हवा," म्हणून तो बंद केला. मग हा मालट्रकचा सापडला. ताफ्याने जायचे, रस्त्यात बोलायचे, माल पोचवायचा. स्टिअरिंग बाईंनी जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणले.

ताफ्यात दोघेच ठरलेले. एक इस्पितळातली नर्स आणि एक बेकरीवाला. दोघे कुठे राहतात ते बाईंना माहीत नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही. सुरुवातीला तिथेही तोच घोळ झाला. बाई पुढे होत्या आणि म्हणाल्या, "पुढं पूल तुटलाय." बेकरीवाला म्हणाला, "नाही हो, कुठं तुटलाय?" आणि भरधाव नदीत गेला. त्याच्यामागोमाग नर्सही गेली. दोघे बाहेर येऊन चिडले, मग खूप हसले, आणि त्यांनी बाईंना नाव ठेवले, 'प्रश्नचिन्ह मावशी'. त्या दिवसापासून मात्र दोघांनी कान तयार केले. मावशींचे वाक्य वर चढले की सांगणे, खाली बसले की विचारणे. दोन-चार खेपांत जमले त्यांना. बाईंना सांगावेही लागले नाही.

आजही बाईंनी हेडफोन पुन्हा चढवला तेव्हा ते दोघे कडेला इंजिन चालू ठेवून थांबले होते.

"मावशी, कोण आलं होतं?" नर्सने विचारले.

"माझी खोली बघायला आले होते."

"म्हणजे?" बेकरीवाला म्हणाला. "तुम्ही सोडताय?"

"नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला. "घ्या पुढं."

एवढेच. त्यांनी गिअर टाकला.

घाट उतरल्यावर लांब सपाट रस्ता लागे. तिथे एकाने प्रश्न काढायचा आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचे, असा ताफ्याचा शिरस्ता होता. आज पाळी नर्सची होती. "तीन आवडी सांगायच्या," ती म्हणाली. "आवडता हेल, राहायला आवडती जागा, आणि आवडता खेळ."

"हेल आमच्या सासुरवाडीचा," बेकरीवाला लगेच म्हणाला. "शिव्या घातल्या तरी गाणं म्हटल्यासारखं वाटतं. मी तर मुद्दाम खाऊन घेतो. जागा म्हणाल तर भट्टीच्या मागची खोली, थंडीत. आणि खेळ पत्ते. हा ट्रकचा दुसरा."

"पत्ते? उतरा खाली ट्रकमधून!" नर्स म्हणाली. "माझं ऐका. भुलीतून उठणाऱ्या माणसाचा हेल मला सगळ्यात आवडतो. कितीही मोठा साहेब असू दे, शुद्धीवर येताना तो आपल्या गावचंच बोलतो. पूर्ण जाग आली की मग साहेबासारखं बोलायला लागतो. मधली ती दोन-चार वाक्यं तेवढी खरी. जागेचं म्हणाल तर मला अजून मिळाली नाही. खेळ हाच. मावशी, तुमचं?"

"माझं पुढच्या खेपेला सांगते," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी मुलगा आणि सून आले. मुलाच्या काखेत घडी केलेली खोकी होती आणि सुनेच्या हातात चिकटपट्टीचे गुंडाळे.

"आज फक्त भांडी आणि पुस्तकं भरू," मुलगा बूट काढत म्हणाला. "बाकी पुढच्या वेळी."

"मी येणार नाही."

"येणार की, आई!" तो खोके उलगडू लागला. "किती वेळा विचारशील?"

"आई, मी चहा टाकते," सून म्हणाली.

"मी टाकते."

"टाका ना, विचारता काय? तुमचंच घर आहे," सून म्हणाली आणि स्वतःच स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. मागे बाई त्यांच्याकडे मुक्कामाला गेल्या होत्या, तेव्हाही असेच झाले होते. 'मी झोपते' म्हटले की 'हो, झोपा ना.' 'मी खाली फिरून येते' म्हटले की 'आत्ता नको, ऊन आहे.' कुणी रागावले नाही, कुणी ओरडले नाही. सगळेजण प्रेमाने परवानगी देत किंवा नाकारत होते. परत आल्यावर बाईंनी जिना चढता चढता किल्लीवाल्याला उगाचच सांगितले होते, "मी आले." आणि तो, कधी नव्हे तो, म्हणाला होता, "या."

"आई, नव्या घरातून अख्खं गाव दिसतं गं," मुलगा म्हणाला. "खिडकी लावली की रस्त्याचा आवाजसुद्धा येत नाही."

"तेच मला नको आहे."

"काय नको?" त्याने मान वर केली. "म्हणजे हवंय की नको?"

"नको. तुझं घर चांगलं आहे. ते तुझं आहे. मला ही जागा आवडते."

त्याने खोके खाली ठेवले. त्याच्या कपाळावर आठी आली. "हे बघ, तू धड काही सांगत नाहीस. प्रत्येक गोष्ट विचारतेस. मी उत्तर देतो, मग तू रुसतेस. बाबांशीही तुझं असंच. मला खरंच कळत नाही तुला काय हवंय ते." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "लहानपणी मी शाळेतून येताना दुकानातून एक्स्चेंजला फोन लावायचो. माहितीये तुला? तू म्हणायचीस, 'नमस्कार, कोणता क्रमांक हवा आहे?' मी काही न बोलता ठेवून द्यायचो. वाटायचं, ही बाई आपल्या घरी असती तर!"

हे बाईंना माहीत नव्हते.

"त्या आवाजात सांग," तो म्हणाला. "एकदाच. तुला यायचं नसेल तर त्या आवाजात म्हण. मी एक शब्द बोलणार नाही. खोकी उचलतो आणि जातो. शपथ."

एकच वाक्य होते. 'मी येणार नाही.' कळशीसारखे खाली ठेवायचे, अलगद. घसा विसरला नव्हता. जीभ टाळ्याला लागली, छातीत श्वास भरला, सगळे जिथल्या तिथे येऊन उभे राहिले. ओट्याकडून सूनही वळून बघू लागली. बाहेर डेपोत बस मागे येत होती.

बाईंनी भरलेला श्वास तसाच सोडून दिला.

"तो आवाज एक्स्चेंजचा होता," त्या म्हणाल्या, आणि वाक्य नेहमीसारखे शेवटी वर चढले. "निवृत्त झाले त्या दिवशी बिल्ला दिला, कपाटाची किल्ली दिली, तोही देऊन आले. आता माझ्याकडं माझा एवढाच आहे."

"आई, हट्ट कसला हा!"

"हट्टच आहे."

ताफ्याची वेळ झाली होती. कॉम्प्युटर केव्हाचा टिंगटिंग वाजत होता. बाई उठल्या, टेबलाशी बसल्या, चपला पायांनीच बाजूला सारल्या. हेडफोन घालायला हात गेला, पण तो त्यांनी घातला नाही. त्याची वायर उपटली. बेकरीवाल्याचा आवाज खोलीभर झाला. "मावशी, आज उशीर? आम्ही धक्क्यावर माल भरून तयार आहोत."

"निघा. मी पुढं आहे."

मुलगा हातात चिकटपट्टी घेऊन मागे उभा. अशा वेळी आई खेळायला बसते, हे त्याला पटत नव्हते आणि पाहिल्यावाचून राहवतही नव्हते. रस्ता किनाऱ्याने गेला, झाडांत शिरला. एका वळणानंतर बाई म्हणाल्या, "पुढं रस्ता खचलाय. थांबा."

दोन ब्रेक करकचून लागल्याचे आवाज आले. "थांबलो," बेकरीवाला म्हणाला. "थांबले," नर्स म्हणाली.

"डावीकडून वाट आहे?" बाईंनी विचारले, आणि वाक्य खाली बसले.

"बघून सांगते," नर्स म्हणाली. "हो, आहे. माझ्या मागून या. मावशी, तुमच्या तीन आवडी राहिल्यात. चुकवायचं नाही."

बाईंनी ट्रक डावीकडे घेतला. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"आवडता हेल माझा," त्या म्हणाल्या. "राहायला आवडती जागा ही खोली. आवडता खेळ हा."

तिन्ही वाक्ये जिन्यासारखी वर वर चढत गेली. कुणी 'हो का?' म्हटले नाही. कुणी उत्तर दिले नाही.

"पत्त्यांपेक्षा बरं," नर्स म्हणाली, आणि ट्रक पुढे निघाले.

सून हातात कप घेऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या विचारत नाहीयेत."

बाईंनी ट्रक कडेला घेतला आणि माईक बंद केला.

मुलगा उघड्या खोक्यावर बसला. ते त्याच्याखाली हळूहळू चपटे झाले, पण तो उठला नाही. "फोनवर," तो म्हणाला, "तू सांगत होतीस?"

"सांगत होते."

"आणि तुझ्या खोलीचा रंग? मी पिवळा म्हटल्यावर तू..."

"पिवळा नको म्हणाले होते."

"मी म्हटलं, चालेल की पिवळा." त्याने कपाळावर हात मारला. "बाबांचं ते घर?"

"तेही सांगितलं होतं."

"मग एवढी वर्षं तू आवाज का नाही बदललास, आई? येत होता ना तुला! एक्स्चेंजमध्ये बदलत होतीस ना!"

"तू कान का नाही बदललास?"

हा प्रश्न होता. तो अगदी खाली, तळाला जाऊन बसला. सुनेने कप ओट्यावर ठेवला, त्याचाही आवाज मोठा वाटला.

मुलाने खोकी गोळा केली आणि बूट घालायला बसला. पिवळ्या भिंतींची ती खोली आता रिकामी राहणार होती, आणि ती त्याने खरोखर आईसाठी रंगवली होती. बाईंना ते दिसत होते. त्यांना वाईट वाटत होते. पण वाईट वाटले म्हणून 'येते' म्हणायचे, हे त्यांनी ओल्या भिंतींच्या घरात पुष्कळ केले होते.

"पुढच्या रविवारी येशील?" त्या दारातून म्हणाल्या.

तो दोन पायऱ्या उतरला होता. आईचे हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला होता. जेवशील, येशील, फोन करशील. सगळे हुकूमच वाटायचे त्याला, आणि कितीदा तरी त्या हुकमांना कंटाळून तो आला नव्हता. तो कठड्याला धरून थांबला.

"विचारतेयस?"

"हो."

"येईन," तो म्हणाला आणि सुनेच्या मागोमाग उतरला.

खाली किल्लीवाल्याच्या दुकानापाशी घरमालक वाट बघत होता. जिन्यातून आवाज चांगला वर येतो. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"काय साहेब, मग कधी रिकामी करताय? ती मंडळी पडदे शिवायला टाकायचं म्हणतायत."

"आई इथंच राहणार आहे," मुलगा म्हणाला.

घाईत होता, दमला होता, कदाचित रडवेलाही असेल. वाक्य त्याच्या हातून निसटले आणि शेवटी वर चढले, आईच्या माहेरच्या हेलासारखे.

"आता मी काय सांगणार?" घरमालक म्हणाला. "मला काय विचारताय?"

खाली कानस थांबली.

"विचारत नाहीये," मुलगा म्हणाला. "सांगतोय." आणि तेही वरच चढले.

बाई आत आल्या. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण तशीच होती. पुसावी म्हणून त्यांनी अंगठा लावला, मग राहू दिली. मुलीने माप चोख घेतले होते. त्या मापाचा पडदा खरेच चांगला दिसला असता. बाहेर कंडक्टर पत्रा थोपटत होता. बाई टेबलाशी बसल्या, अनवाणी पाय खाली ठेवले आणि माईक चालू केला.

"निघू या," त्या म्हणाल्या, आणि मागचे दोन्ही ट्रक निघाले.